घाटाखालच्या एका घरानं केबल बंद केली तेव्हा

केबल सोडून टीव्ही कसा बघायचा, याची उत्तरं बहुतेक वेळा किमतींच्या तक्त्यात दिली जातात. पुढे मांडलेल्या घरातही सुरुवात तक्त्यानंच झाली होती. त्या तक्त्यात जे नव्हतं त्यानंच पुढचे सहा महिने त्रास दिला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. ओळख पटू नये यासाठी गावाचं नाव गाळलं आहे आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग, घाटाच्या पायथ्याचं गाव. पावसाळ्यात चार महिने धो-धो पाऊस, वीज कधी येते कधी जाते, मोबाइलची रेंज सोप्यात चांगली आणि माजघरात जेमतेम. घरात दोघंच राहतात. काका निवृत्त प्राथमिक शिक्षक, पंच्याहत्तरी ओलांडलेले. काकू त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला. केबलचं बिल मुलगाच भरत असे.

टीव्ही दोन होते. सोप्यात ३२ इंची एलईडी, माजघरात त्याहून जुना आणि लहान. दोन्ही साधे, म्हणजे इंटरनेटला स्वतःहून न जोडता येणारे. दोन जोडण्यांचं मिळून बिल महिन्याला ७०० रुपये. वर्षाचे ८,४०० झाले.

या बिलात नेमकं काय असतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यात नवल नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धत फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. त्यानुसार बिलाचे दोन भाग पडतात: जोडणीचं मूळ शुल्क, आणि आपण निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत. मूळ शुल्काला १३० रुपयांची कमाल मर्यादा होती, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणानं ही मर्यादा काढून टाकली आणि शुल्क ठरवणं पुरवठादारावर सोडलं. कागदावर ग्राहक एकेक वाहिनी निवडू शकतो. प्रत्यक्षात केबलवाला एक पॅक लावून देतो आणि लोक वर्षानुवर्षं तोच भरत राहतात. या घरात दीडशेच्या वर वाहिन्या येत होत्या, त्यात चार वेगवेगळ्या भाषांतली कार्टून होती. घरात लहान मूल नाही.

अडचण

२०२४ च्या पावसाळ्यात रस्ता रुंदीकरणाच्या कामात केबलची तार तुटली. जोडली, पुन्हा तुटली. गणपतीत टीव्ही बंद, नवरात्रात पडद्यावर चौकोन-चौकोन. तक्रार केली की, "माणूस पाठवतो दादा," एवढं उत्तर मिळे आणि माणूस यायला कधी चार दिवस, कधी आठ. बिल मात्र पूर्ण महिन्याचं. त्यात ऑक्टोबरमध्ये दर वाढल्याचा निरोप आला.

मुलानं फोनवरच ठरवलं की केबल बंद करायची. त्याच फोनवर त्यानं काकांना विचारलं, "बाबा, तुम्ही दोघं काय काय बघता?"

काका म्हणाले, "आम्हाला काय लागतं? बातम्या, मॅच, आणि तुझी आई काहीतरी बघते."

हे 'काहीतरी' त्या वेळी कुणी उलगडून पाहिलं नाही. मुलानं बातम्या आणि मॅच लिहून घेतलं, फोन ठेवला आणि दर शोधायला लागला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला पहिला चुकीचा निर्णय हाच. फोन जो उचलतो तो टीव्ही सगळ्यात जास्त बघतो असं नसतं. या घरात तर टीव्हीचा मोठा वेळ काकूंचा होता आणि त्यांना विचारलंच गेलं नव्हतं.

सून दिवाळीला गावी आली तेव्हा तिनं हे दुरुस्त केलं. तिनं काही हिशेब मांडला नाही. एक जुनी वही टीव्हीजवळ ठेवली आणि आठवडाभर कोण, किती वाजता, काय बघतं ते लिहायला सांगितलं. काकांनी शिक्षकी अक्षरात रकाने आखले. आठवड्याअखेर कळलं की दीडशेतल्या फक्त सात वाहिन्या लागतात. आणखी महत्त्वाचं म्हणजे त्या सातांचे तीन सरळ गट पडले.

पहिला गट, जे घडतं त्याच वेळी बघायचंय: बातम्या, भारताचे क्रिकेट सामने, आषाढी-कार्तिकीची पंढरपूरची पूजा. दुसरा गट, जे त्याच वेळी घडत नाही पण ठरल्या वेळीच बघायची सवय आहे: काकूंच्या संध्याकाळच्या दोन मराठी मालिका, दोन वेगळ्या सशुल्क वाहिन्यांवरच्या. तिसरा गट, नुसता चालू असतो: दुपारचे जुने मराठी आणि हिंदी सिनेमे, सकाळची भक्तिगीतं.

थेट प्रक्षेपणाची खरी गरज पहिल्याच गटाला होती. ताण मात्र दुसऱ्या गटाचा निघाला.

समोरचे पर्याय

एक, केबल ठेवायची पण पॅक छाटायचा. हा पर्याय लोक फार लवकर बाजूला सारतात. मोफत वाहिन्या आणि त्या दोन मराठी सशुल्क वाहिन्या एवढंच घेतलं असतं तर काय पडलं असतं? बुकेत, म्हणजे वाहिन्यांच्या एकगठ्ठा संचात, घालता येणाऱ्या वाहिनीची किंमत कमाल १९ रुपये, जीएसटी धरून २२ रुपये ४२ पैसे. दोन वाहिन्यांचे पंचेचाळीसच्या आत. मूळ शुल्क जुन्याच दरानं धरलं तर एका टीव्हीचं बिल दोनशेच्या आसपास आलं असतं. तार धड असती तर या घरासाठी हेच सगळ्यात कमी दगदगीचं उत्तर होतं, असं मला अजूनही वाटतं. पण तार धड नव्हती, आणि रस्त्याचं काम आणखी वर्षभर चालणार होतं.

दोन, खासगी डीटीएच, म्हणजे घरावरच्या छत्रीनं थेट उपग्रहावरून वाहिन्या घेणं. तारेचा प्रश्न सुटतो, मासिक खर्च राहतो, दोन टीव्हींना दोन बॉक्स. मुलाला 'पुन्हा रिचार्ज' नको होता. तो म्हणाला, "रिचार्ज विसरलो की बाबांचा फोन, आणि मी मीटिंगमध्ये." कारण वैयक्तिक होतं, पण रास्त होतं.

तीन, घरावर साधा अँटेना. काकांना जुने दिवस आठवून हा पर्याय फार आवडला होता. पण दूरदर्शननं आपली जुनी जमिनीवरची प्रक्षेपणकेंद्रं मोजकी वगळता बंद केली आहेत. डिजिटल पद्धतीचं जमिनीवरचं प्रक्षेपण २०१६ मध्ये सोळा शहरांत सुरू झालं, त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद. घाटाखालच्या गावाला त्याचा काही उपयोग नाही.

चार, इंटरनेट. गावात फायबर आलेलं नव्हतं. काकांच्या फोनला रोज २ जीबीचा रिचार्ज होता. टीव्हीवर बरं दिसेल असं चित्र साधारण अडीच मेगाबिट प्रतिसेकंद खातं, म्हणजे तासाला सव्वा जीबीच्या जरा आत. २ जीबीत पावणेदोन तास. वहीतल्या नोंदींप्रमाणे सोप्यातला टीव्ही रोज पाच-सहा तास चालत होता. सगळं इंटरनेटवर टाकणं शक्यच नव्हतं. शिवाय इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण तुकड्यातुकड्यानं साठवून दाखवलं जातं, त्यामुळे उपग्रहाच्या मागे वीस-तीस सेकंद, कधी त्याहून जास्त राहतं. बातम्यांना चालतं. सामन्यात शेजारी आधी ओरडतात आणि आपल्याकडे गोलंदाज अजून धावतच असतो.

पाच, डीडी फ्री डिश. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावानं सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, मासिक वर्गणी नाही. दूरदर्शनच्या सगळ्या वाहिन्या, त्यात सह्याद्री, आणि लिलावात जागा विकत घेणाऱ्या खासगी वाहिन्या. काकांच्या दृष्टीनं कळीचा मुद्दा वेगळाच होता. २००७ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण हक्कधारकांना प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्या यादीत आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावरच दाखवायचं, खासगी केबल-डीटीएचवर नाही. म्हणजे ज्या सामन्यांसाठी काका केबलच्या क्रीडा पॅकचे पैसे भरत होते, ते फ्री डिशवर पैसे न देता दिसणार होते. आयपीएल त्या यादीत येत नाही.

उणी बाजूही तेवढीच ठळक. मराठीतल्या मोठ्या मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवर नाहीत, आणि त्या येण्याची शक्यताही कमी. जुलै २०२४ च्या नियमानं सांगितलं आहे की जी वाहिनी सार्वजनिक प्रसारकाच्या डीटीएचवर मोफत मिळते ती बाकी सगळीकडेही मोफतच द्यावी लागेल. केबलवर पैसे मिळवणारी वाहिनी स्वतःहून तिकडे कशाला जाईल? काकूंच्या दोन्ही मालिका त्यामुळे बाद.

सहावा पर्याय गावातल्या मोबाइल दुकानातून आला. "काकी, एक पेटी लावतो, वर्षाला दीड हजार, जगातल्या सगळ्या वाहिन्या." काका जवळजवळ तयार झाले होते. सुनेनं दोन प्रश्न विचारले: पावती कुणाच्या नावानं मिळणार, आणि उद्या बंद पडली तर फोन कुणाला करायचा? दोन्हींना उत्तर नव्हतं. त्या पेटीबरोबर फोनवरही एक ॲप टाकावं लागणार होतं, अधिकृत दुकानाबाहेरचं, आणि ते एसएमएस वाचायची परवानगी मागत होतं. काकांचं पेन्शनचं खातं त्याच फोनवर, ओटीपी त्याच फोनवर. चोरीचं प्रक्षेपण हा कायद्याचा प्रश्न आहेच, पण काकांना पटलं ते ओटीपीचं.

ठरलं ते असं

पहिला आणि तिसरा गट फ्री डिशवर. दुसरा गट, म्हणजे काकूंच्या दोन मालिका, इंटरनेटवर. मुलाकडे दोन्ही ॲपची वर्गणी आधीपासून होती. एका वेळी किती पडद्यांवर चालते ते त्यानं तपासून घेतलं. एकेका मालिकेचा भाग जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा, चित्राचा दर्जा मध्यम ठेवला तर दोन्ही मिळून अर्ध्या जीबीत बसतात. रोजच्या २ जीबीत हे सहज मावतं. सगळं इंटरनेटवर किंवा काहीच नाही, असा विचार करत बसले असते तर हा मधला रस्ता दिसला नसता.

आणखी एक अट सुनेनं घातली आणि ती टिकवली: नवं सुरू झाल्यावरही महिनाभर माजघरातली केबल चालू ठेवायची. मुलाला हे साडेतीनशे रुपये वाया वाटत होते.

छत्री बसवताना

डिश बसवणारा तालुक्याहून आला. घराच्या आग्नेयेला फणसाचं मोठं झाड. छत्री भिंतीला लावून तोंड फिरवलं तर ते सरळ फणसाकडे बघत होतं. काकांनी लगेच फांद्या तोडायला माणूस बोलवायची तयारी केली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण याच गैरसमजात गावोगावी झाडं छाटली जातात. फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते तो विषुववृत्तावर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. साताऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं साधारण १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर असतो. साठ अंश म्हणजे चांगलंच डोक्याच्या बाजूला. मात्र घरगुती छत्रीचा एलएनबी, म्हणजे छत्रीनं गोळा केलेला सिग्नल पकडून तारेत सोडणारा भाग, मधोमध नसून खालच्या बाजूला पुढे आलेला असतो. त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर 'बघत' असते. फणस घरापासून पंधरा मीटरवर होता. त्या अंतरावरची वस्तू आड यायला छत्रीच्या पातळीपासून पंचवीस-सव्वीस मीटर उंच हवी. फणस त्याच्या निम्माही नव्हता. झाड वाचलं. खरी आडकाठी होती ती छपराच्या पुढे आलेल्या पत्र्याची. खांब दीड हात पुढे घेतल्यावर बॉक्सवर सिग्नलची पट्टी वर आली.

बसवणाऱ्यानं एक गोष्ट नेटकी केली. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, ताकद आणि गुणवत्ता. ताकदीची पट्टी छत्री भलतीकडे असली तरी बऱ्यापैकी भरते. त्यानं गुणवत्तेकडे बघत छत्री आणि एलएनबी दोन्ही हलकेच फिरवले, आकडा जास्तीत जास्त झाल्यावरच बोल्ट आवळले. तार घरात शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तारेवरून आत न येता तिथून ठिबकतं. एलएनबीच्या जोडावर रबरी टेप.

दोन टीव्ही होते म्हणून दोन तोंडांचा एलएनबी घेतला आणि दोन स्वतंत्र तारा टाकल्या. एकाच तारेला दुभागून दोन बॉक्स चालवायचा स्वस्त सल्लाही कुणीतरी दिला होता. प्रत्येक बॉक्स तारेतूनच एलएनबीला वीज आणि हुकूम पाठवतो. दोन बॉक्स एकाच तारेवर भांडायला लागले की दोष कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो. बॉक्स एमपीईजी-४ चे, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत समजणारे, घेतले, कारण जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर फ्री डिशच्या सगळ्या वाहिन्या लागत नाहीत. हे विकत घेण्याआधी विचारायला हवं, आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. छत्री, एलएनबी, दोन बॉक्स, तारा आणि मजुरी मिळून ३,६०० रुपये.

मालिकांसाठी मुलानं घरी पडून असलेली स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे साध्या टीव्हीवर इंटरनेटची ॲप चालवणारी कांडी, आणली आणि सोप्यातल्या टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआयला लावली. इंटरनेट काकांच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून. संध्याकाळी जोडून दिलं, दोन्ही मालिका लागल्या, काकूंनी मान डोलावली आणि मुलगा-सून पुण्याला परतले.

पहिला महिना

तिसऱ्या दिवशी सोप्यातला टीव्ही 'बिघडला'. पडद्यावर सिग्नल नाही असं लिहून आलं. काका बॉक्स बंद-चालू करत राहिले. बसवणाऱ्याला बोलावायचं ठरत होतं.

बिघडलं काहीच नव्हतं. काकू स्टिकच्या रिमोटवर घराचं चिन्ह असलेलं बटण दाबत, त्याबरोबर टीव्ही आपोआप स्टिकच्या एचडीएमआयवर जाई. मालिका संपली की त्या स्टिक बंद करत आणि डिशच्या रिमोटवर वाहिनी बदलायला जात. पण डिशच्या बॉक्सला टीव्ही आपल्याकडे ओढून घेण्याची सोय नव्हती. परत येण्यासाठी टीव्हीच्याच तिसऱ्या रिमोटवरचं 'सोर्स' बटण लागे. केबलच्या काळात टीव्हीचा रिमोट कपाटात गेला होता.

एका रिमोटच्या घरात तीन रिमोट आले होते, आणि हे कुणाच्याही तक्त्यात नव्हतं. सुनेनं फोनवरून उपाय सुचवला: टीव्हीच्या रिमोटवर सोर्सचं बटण सोडून बाकी सगळ्यावर कागद चिकटवायचा. काकूंनी कागदाऐवजी चिकटपट्टी लावली आणि सोर्सवर कुंकवाचा ठिपका दिला. ठिपका दोन दिवसांत पुसला गेला, तोवर बोट बसलं होतं.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. हॉटस्पॉट काकांच्या फोनवर. संध्याकाळी काका देवळात गेले की फोनही जाई, आणि काकूंची मालिकाही. महिनाभर ठेवलेली केबल इथे कामी आली. काकू शांतपणे माजघरात जाऊन जुन्या टीव्हीवर मालिका बघत. तो महिना नसता तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच "ते जुनंच बरं होतं" म्हणून सगळं गुंडाळलं गेलं असतं. महिन्याअखेर एक साधा हॉटस्पॉट राउटर आणि वेगळं सिम घेतलं. त्याचा खर्च मुलाच्या मूळ हिशेबात नव्हता, पण तो धरूनही महिन्याचा खर्च केबलच्या निम्म्यावर राहिला.

याच दरम्यान, २० नोव्हेंबर २०२४ ला प्रसार भारतीनं 'वेव्हज' हे ॲप आणलं. त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या आणि आकाशवाणी थेट मिळतात. मुलानं ते स्टिकवर टाकून दिलं. घरात छत्री असताना त्याचा रोज उपयोग नाही, पण पावसाळ्यासाठी पर्याय म्हणून ते राहिलं.

केबल बंद करताना काकांनी आपली मास्तरकी दाखवली. अर्ज लेखी दिला, बॉक्स परत केल्याची सही घेतली, अनामत मागितली. केबलवाला म्हणाला, "मास्तर, आपल्यात कशाला कागद?" काकांनी कागद घेतलाच.

पुढच्या वर्षभरात काय झालं

क्रिकेट सुरळीत. भारताच्या एकदिवसीय सामन्यांना सोप्यात शेजारीही येऊ लागले, कारण केबल त्यांच्याकडेही अधूनमधून बंदच असे. आयपीएल काका आता फोनवर बघतात आणि पडदा लहान असल्याची तक्रार करतात.

फेब्रुवारीत एका ॲपचं नाव-रूप बदललं आणि पुन्हा लॉग-इन मागितलं. ओटीपी पुण्यात मुलाच्या फोनवर, मुलगा कामात. काकूंचे दोन भाग चुकले. इथे एक गंमत घडली. चुकलेले भाग दुसऱ्या दिवशी बघता येतात हे सुनेनं दाखवून दिल्यावर काकूंनी वेळेचा आग्रहच सोडला. आता त्या दोन्ही मालिका दुपारी, काका झोपलेले असताना बघतात. 'ठरल्या वेळीच' ही सवय होती, गरज नव्हती. पण ते बाहेरून सांगून पटलं नसतं.

एप्रिलमध्ये फ्री डिशवरची यादी बदलली. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावानं ठरतात आणि मुदत बहुधा १ एप्रिल ते ३१ मार्च अशी असते. काही वाहिन्या जातात, काही येतात. एप्रिल २०२२ मध्ये तर मोठ्या प्रसारकांनी आपल्या मोफत हिंदी वाहिन्या एकाच वेळी काढून घेतल्या होत्या. काकांची दुपारची सिनेमाची वाहिनी गेली. त्यांना वाटलं छत्री हलली. बॉक्सवर वाहिन्यांचा नवा शोध लावल्यावर दुसऱ्या दोन नव्या मिळाल्या. हा शोध कसा लावायचा ते काकांनी आता त्या वहीच्या शेवटच्या पानावर पायरी-पायरीनं लिहून ठेवलं आहे.

पावसाळा हा खरा कस होता. जोराच्या सरीत चित्र थिजतं, पाच-दहा मिनिटं जातं, सर ओसरली की परत येतं. जुलैत एके दिवशी जवळजवळ तासभर गेलं. केबल आठ-आठ दिवस बंद राहायची, त्या मानानं हे काहीच नाही असं काका म्हणतात. काकूंचं मत वेगळं आहे. "केबल गेली की कळायचं गेली. हे येतंय-जातंय, येतंय-जातंय." दोघांचंही बरोबर आहे.

काय वेगळं करता आलं असतं

छत्री ६० सेंटिमीटरची घेतली. बसवणाऱ्याकडे तीच होती आणि कोरड्या भागात ती पुरते. घाटाखाली ९० ची घ्यायला हवी होती. व्यास दीडपट झाला की क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, आणि पावसात सिग्नल क्षीण झाला तरी हाताशी शिल्लक उरते. ती वाऱ्याला जास्त अडते, म्हणून खांब आणि बोल्ट भक्कम लागतात, खर्चही थोडा वाढतो. तरी जुलैतला तो तास बहुधा आखडला असता.

हॉटस्पॉट कुणाच्या खिशातल्या फोनवर ठेवायचा हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आला असता. ओटीपी कुणाच्या फोनवर येणार, हा त्याचाच जोडप्रश्न.

माजघरातल्या टीव्हीसाठी दुसरा बॉक्स घेतला, तो फारसा वापरला जात नाही. वहीत त्या टीव्हीच्या नोंदी जेमतेम होत्या, तरी 'आहे तर चालू ठेवू' म्हणून पैसे घातले. वही लिहून घ्यायची आणि शेवटी तिच्याविरुद्ध वागायचं, हे बऱ्याच घरांत होतं.

आणि काकूंना आधी विचारलं असतं तर? निवड कदाचित तीच झाली असती. पण स्टिक आणि तीन रिमोट हे त्यांच्या माथी आयते आले, तसं झालं नसतं. पहिल्या महिन्यातल्या बहुतेक कटकटी तंत्राच्या नव्हत्या. ज्यांनी निर्णय घेतला ते पुण्यात होते आणि ज्यांना तो वापरायचा होता त्या सोप्यात, एवढाच त्यांचा उगम.

आता ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं आहे आणि घरोघर जोडणी देण्याची बोलणी सुरू आहेत. मुलगा छत्री काढून सगळं इंटरनेटवर न्यावं म्हणतो. या वेळी सुनेनं वही आधीच टीव्हीजवळ नेऊन ठेवली आहे, आणि रकाने काकूंनी आखायचे असं ठरलं आहे. वीज गेल्यावर फायबरचा राउटर किती वेळ चालेल, हा प्रश्न काकूंनीच पहिल्या पानावर लिहिला आहे. त्याचं उत्तर मिळेपर्यंत छत्री जागेवर राहील.